माचेहा

तोल्मिनच्या वर, जिथे डांबर संपतं आणि गवत वाळवायच्या मांडण्या सुरू होतात,
तिथून ती आली, दोन बस बदलून,
मांडीवर फडक्यात बांधलेली जुडी.
मी तिला नावानेच हाक मारते. पोलोन्त्सा.
सत्तावीस वर्षं, नावानेच.

ओझ्बेच्या टाळूवर पिवळी खपली,
मेणासारखी, कडांना सुटू पाहणारी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही नाही, आपोआप जाईल,
नखं तेवढी लावू नका.
मी रात्री दिवा बारीक करून नखं लावली.
रक्ताचा थेंब आला, मोहरीएवढा.
कुणाला सांगितलं नाही.

तिने पाहिलं. बोलली नाही.
पाणी उकळत ठेवलं, जुडी सोडली:
रानफुलं, वाळलेली,
जांभळ्यावर पिवळं, मांजराच्या मिशांसारख्या रेघा.
आमच्या भाषेत या फुलाला माचेहा म्हणतात,
म्हणजे सावत्र आई.
शाळेत मुली ते चिठ्ठीत घालून
माझ्या बाकावर ठेवायच्या.

कोटाच्या खिशातून एक ताजं काढून तिने उलटं धरलं.
"ही खालची मोठी पाकळी, दोन खुर्च्यांवर ऐसपैस.
बाजूच्या दोघी पोटच्या, त्यांना एकेक.
वरच्या दोघी सावत्र, दाटीवाटीने एकीवर.
मोजून बघ, गोष्ट खरी आहे.
फक्त ऊन आधी वरच्यांना लागतं,
हे कुणी सांगत नाही."
मग हसली. "बसमध्ये सुचलं मला."

रात्री झेंडूसारख्या त्या दुसऱ्या फुलाचं तेल, दोन बोटांनी,
टाळूच्या मऊ जागेवर तर श्वासाइतकंच.
सकाळी काढा निववून, कोपर बुडवून पाहून,
फडकं पिळून ठेवलं डोक्यावर.
ओझ्बे जांभई देऊन गप्प.
मग तिने पत्र्याच्या डबीतून कुंचला काढला,
बकरीच्या केसांचा, मुठीवर माझ्या आईची आद्याक्षरं.
मला वाटलं होतं, तो आईबरोबरच गेला.

खपली पापुद्र्यांनी सुटत आली.
तिने ती तळहातावर गोळा केली.
"नातवंडाला दुधावरची साय म्हणतात,"
ती काढ्याच्या पाण्याशी बोलली,
"माझं तर दूधच नव्हतं."

मला हाक मारायची होती, जमली नाही.
स्टुलावर तिचे पाय सुजून लोंबत होते.
मी एक खुर्ची ओढली तिच्यासाठी,
आणि दुसरी, पायांखाली.