खो

क्रीडाशिक्षकाची जागा तीन वर्षं रिकामी,
म्हणून गुरुवारचा शेवटचा तास माझ्याकडे.
इतिहासाचे सर शिट्टी फुंकतात
याचं दांडियाबाजारात फार हसू झालं.
पहिल्या दिवशी फक्कीची रेघ मी
पानिपतच्या नकाशासारखी वाकडी काढली.

वर्गात मी घोडदळ सांगतो.
घाट उतरून, नर्मदा ओलांडून
या बडोद्यापर्यंत आलेली पथकं.
सरदारांची नावं वर, सनावळ्या खाली.
मागच्या बाकावरून प्रियांशु विचारतो,
"सर, आ परीक्षामां पूछाशे?"
मी हो म्हणतो. वह्या उघडतात.

मैदानात वह्या नसतात.
आठ जणी ओळीत उकिडव्या,
एकीचं तोंड सूरसागराकडे, दुसरीचं रस्त्याकडे,
राठवा, जगदाळे, परमार, पुन्हा राठवा,
आणि खांबाजवळ अनवाणी सकीना नालबंद,
जी वर्गात अक्षर बोलत नाही.

बूट कुठे, विचारलं तर म्हणाली,
"बुटात जमीन कळत नाही, सर."
मराठी कशी चोख! एक हेल तर थेट
साताऱ्याकडच्या माझ्या आजोळचा.
घरी कोण बोलतं गं?
"अब्बा. भांडताना तर मराठीच.
आमचे लोक पागेबरोबर आले ना,
नाल ठोकायला.
तुम्ही सांगता त्याच घोड्यांना."

शिट्टी तोंडात तशीच राहिली.
वीस वर्षं मी ती घोडी
बिननालाचीच पळवत होतो.

खेळाचे नियम मी पुस्तकातून पाठ केलेत:
दिशा घेतली की मागे वळायचं नाही,
मधली रेघ ओलांडायची नाही,
आणि आपल्या मनानं उठायचं तर मुळीच नाही.
पाठीवर हात पडावा लागतो.
तो कुणाचा, हे बघायला सवड नसते,
बघत बसलात तर पळणारी सुटते.

सकीना सुटली. धूळ मागून उठली.
जगदाळेच्या पाठीत तिचा "खो" असा बसला
की पोरगी उठली ती कळवळूनच,
आणि दोन पावलांत गडी बाद.

शुक्रवारी सरदारांच्या नावांखाली लिहिलं:
नालबंद, मोतद्दार, पखालजी, गवतकापे.
नावं ठाऊक नाहीत, म्हणून नुसती कामं.
प्रियांशुचा हात वर.
"नाही," म्हणालो, "नाही विचारणार."
तीन-चार वह्या मिटल्या.
सकीनाची उघडलीच नव्हती.
ती खिडकीतून मैदान बघत होती,
कालची माझी रेघ
वाऱ्यानं अर्धी नेली होती.