इतर

पावतीपुस्तकात छापलेले रकाने चारच:
सतार, तंबोरा, दिलरुबा, इतर.
अब्बांनी मिरजेहून आणलेला नमुना,
शुक्रवार पेठेत मी अजून तसाच छापून घेतो.

ओपियो आला शनिवारी,
पाठीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.
युगांडाचा. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला.
चादर सोडली तर
नावेसारखं कोरलेलं लाकूड, वर ताणलेलं कातडं,
आणि एका टोकातून निघून
कमानीसारखी वाकलेली दांडी.
नऊ तारा, मासे धरायच्या दोरीच्या. दोन तुटलेल्या.

पडदे नाहीत. घोडी नाही.
जवारी काढायची म्हटली तर जागाच नाही.
तीस वर्षं मी समजून होतो
की एका सुरातून दुसऱ्यात शिरायची वाट
म्हणजेच सगळं गाणं.
इथे वाट नाही.
एक तार, एक सूर.
तेवढा सांगून झाला की ती गप्प,
पुढचं शेजारणीने बोलावं.

"सा कुठे ठेवू?"
तो म्हणाला, आजोबांचा आवाज जिथे बसायचा तिथे.
मोबाईल काढला.
कुठल्यातरी अंगणात खोकत गाणारा म्हातारा,
मागे कोंबडा.
तीनदा लावून ऐकलं.
पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी,
जिथे पेटी थांबत नाही.

खुंट्या पिळताना आठवली सातवीची सहल,
मळवलीला उतरून, उन्हातून, भाज्याची लेणी.
दगडात कुणी बसलेलं, कुशीत वाकडं काहीतरी,
समोर एक बाई नाचतेय.
"धनुष्य," सर म्हणाले आणि आम्हाला पुढे हाकललं.
धनुष्यावर कोण नाचतं, सर?
अब्बा सांगत, कधीकाळी हिलाच वीणा म्हणायचे.
मग नाव सरळ दांडीवालीने नेलं.
ही ब्रह्मदेशात दिसते म्हणे, गोंडांच्या परधानांकडे दिसते,
आणि आज माझ्या बाकावर,
डिंकाच्या डब्याला टेकून.

ओपियोने मांडीवर घेतली, छेडली.
माझं डावं बोट बाकाच्या कडेवर
उगाच सरकत राहिलं,
मींड शोधत.

पावतीवर 'इतर'ला खूण केली होती.
ती खोडली. वर लिहिलं, वीणा.
तारा दोन. कातड्याला ओल लागू देऊ नये.
दोनशे जमा,
बाकी घरून पैसे आले की.