काटा

शिंपीण म्हणाली, तुझा डावा खांदा दोन बोटं खाली आहे,
कोट कसा बसणार?
मला माहीत होतं.
तीस वर्षं एकाच पट्ट्यानं
त्याला समुद्राकडं ओढत नेलं होतं.

वालपाराइसोत सगळं चढावर असतं:
पोस्ट, पाव, प्रेतयात्रा.
साध्यातल्या साध्या बातमीला दोनशे पायऱ्या.
त्या मी चढले. पाठीवर दोन कॅमेरे, तीन लेन्स,
फ्लॅश, बॅटऱ्या, धुक्यासाठी प्लास्टिक,
आणि वर्षातून दोनदा उघडणारा एक स्टँड.
नेमकं हवं तेच घरी राहिलं तर?
ही भीती सगळ्यात तळाशी.
तिला वेगळा कप्पा होता.

मग गुडघा बोलायला लागला,
आणि भाचा लिसान्द्रो, जो माझ्याशी बोलत नाही,
टेबलावर एक डबी ठेवून गेला.
साबणाच्या वडीएवढा कॅमेरा.
खिशात घाल, म्हणाला, आणि विसरून जा.
मी विसरलेच. चार महिने तो खणात होता,
चमच्यांच्या शेजारी.

एका मंगळवारी दोन्ही घेऊन कोळ्यांच्या धक्क्यावर गेले.
एलेउतेरियोला म्हटलं, वजन कर.
त्यानं मासे बाजूला सारले, पारड्यावर पेपर पसरला
(माझाच फोटो होता त्यात, महापौर फीत कापताना),
त्यावर पिशवी.
सहा किलो चारशे.
एवढी मर्लुसा घेतलीस तर अख्खी गल्ली जेवेल, म्हणाला.
मग धाकटा ठेवला. काटा जागचा हलला म्हणायचा, इतकंच.
हे आम्ही मांजराला टाकतो.

मागं समुद्रसिंह भुंकत होते.
तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.
कॅमेरा माझ्या तळव्यातच होता. दाबलं.
आवाजसुद्धा झाला नाही.

मोठा कॅमेरा उचलला की एलेउतेरियो
एप्रन काढतो, केसांना पाणी लावतो,
आणि स्वतःच्या पुतळ्यासारखा उभा राहतो.
असे अकरा फोटो आहेत माझ्याकडं.
अकराही एकाच माणसाचे,
जो मला बाजारात कधी भेटला नाही.

संध्याकाळी पायरीवर बसून पाहिलं:
बर्फ, सुरी, उघडी पर्स,
आणि पारड्याच्या कडेला
त्याची करंगळी. टेकलेली. हलकेच,
तारेवर पक्षी बसावा तशी.

काटा मारतोय!
मी इतकी हसले की शेजारचा कुत्रा
उठून खालच्या पायरीवर गेला.
आणि मग हसू थांबलं.
सहा किलो चारशे.
त्यातलं पिशवीचं किती,
करंगळीचं किती?

खोटं कशाला सांगू, धाकट्याला लांबचं दिसत नाही.
बोटीच्या कठड्यावरून कोणी हात हलवला
तर तो गंजाचा डाग होतो.
गेल्या महिन्यात समोरच्या टेकडीवर घरं पेटली,
याच्या काचेत नुसते नारिंगी कण.
मी कॅमेरा खिशात टाकला, पाहत राहिले, आणि मग
बादल्यांच्या रांगेत उभी राहिले.
दोन्ही हात मोकळे होते.
पेपरला फोटो दुसऱ्या कोणीतरी दिला. चांगला होता.
मला वाईट वाटलं. अजून वाटतं.

पिशवी कपाटावर आहे. विकली नाही.
खांदा अजून तिच्या बाजूला कलतो,
बोलावल्यासारखा.

दर शुक्रवारी मी मर्लुसा घेते.
एक किलो, एलेउतेरियो म्हणतो.
एक किलो, मी म्हणते,
करंगळीकडं न बघता,
आणि पूर्ण पैसे मोजते.
फोटोला बसण्याचे काहीतरी
द्यायलाच हवेत ना.