अकरा मिनिटं

व्रोत्सवाफमधल्या जुन्या बटणांच्या कारखान्यात
चौथ्या मजल्यावर मी माणसं लिहिते.
जमिनीच्या फळ्यांच्या फटीत अजून कधीकधी
शिंपल्याचं एखादं बटण सापडतं.
ते मी खिशात ठेवते. कशाला, माहीत नाही.

या हिवाळ्यात मी इस्का लिहिली.
नावाडीण. पंचेचाळिशीची. हातांना डांबराचा वास.
नवरा नदीने नेलेला, अंगठी मिठाच्या बरणीत.
खेळणाऱ्याला ती तीनदा पैलतीरी सोडते.
चौथ्यांदा त्याने मनातलं विचारलं, की म्हणते,
"माणूस बरा आहेस. पण नाही."
एवढंच. पुढे काळोख आणि वल्ह्यांचा आवाज.

बोगुमिलने तक्ता उघडला.
त्याच्या तक्त्यात प्रेमाला रकाना आहे:
मासा दिला, पाच. शाल दिली, दहा.
नवऱ्याबद्दल हळुवार विचारलं, पंधरा.
चाळीस भरले की ती दार उघडते.
"साठ तास ते तुझ्या नदीवर घालवतात," तो म्हणाला,
"राक्षस मारतात, हिच्यासाठी मासे धरतात,
आणि तू कोण त्यांना हात हलवत परत पाठवणारी?"

मी म्हटलं, जिला नाही म्हणायची सोयच नाही
तिचा होकार काय चाटायचाय?

तो म्हणाला, दिवसभर नकारच ऐकून येतो माणूस.
बँकेत नाही, घरात नाही,
वजनकाट्यावरसुद्धा नाही.
रात्री तरी कुणी हो म्हणू दे.

हे झोंबलं. कारण बोगुमिल
मार्चपासून ऑफिसातच झोपतो.

मी हट्टी आहे, दगड नाही.
त्या रात्री बसून इस्काला एक होकार लिहून दिला.
वाईट लिहिला असंही नाही. छान लिहिला.
अंगठी बरणीतून काढली, मीठ झटकलं,
आणि ती एकदम कुणाचीही झाली.
चाळीस गुण असलेल्या कुणाचीही.

गुरुवारी चाचणीला लोक आले.
काचेआडून आम्ही त्यांना बघतो, आम्ही त्यांना दिसत नाही.
(थोडं पापच आहे हे, मान्य.)
एक पोरगा पाऊण तासात चाळीसवर पोचला,
चुंबन घेतलं, जांभई दिली,
पुढच्या गावाचा नकाशा उघडला.

मग गेनोवेफाबाई. एकोणतीस वर्षं ट्रॅम चालवलेल्या,
नातवाने नाव नोंदवलं म्हणून आलेल्या.
कोट काढला नाही.
मासा दिला नाही. शाल आपल्याच पात्राला पांघरली,
थंडी आहे म्हणे तिथे.
इस्का काठावर बसलेली. पडद्यावर चार पर्याय:
सांत्वन कर. भेट दे. हात धर. निघून जा.
बाईंनी एकही दाबला नाही.

एक मिनिट. चार.
"अडकल्या वाटतं," बोगुमिल म्हणाला, "जाऊन सांगू?"
मी त्याची बाही धरून ठेवली.
ती नदी सतरा सेकंदांचीच आहे, मला ठाऊक आहे,
तीच लाट फिरून फिरून येते.
बाई बघत होत्या, दर वेळी नवी असल्यासारखी.
अकराव्या मिनिटाला यंत्रच कंटाळलं,
पडदा काळा झाला.

बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाल्या,
"ती बसली होती ना? मग मीही बसले."
आणि हातमोजे शोधायला लागल्या.

बोगुमिल बराच वेळ बोलला नाही.
मग तक्त्यात एक रकाना वाढवला,
नाव सुचेना, तसाच कोरा ठेवला.

होकार मी खोडला नाही. नकारही नाही.
पण काही न दाबता जो कुणी बसून राहील
त्याच्यासाठी, पडदा विझायच्या जरा आधी,
एक ओळ लिहिली.
इस्का मान न वळवता विचारते,
"अजून आहेस?"

खाली उत्तरं द्यायची असतात.
नियम आहे, किमान दोन.
मी एकही दिलं नाही.