एक चौरस मीटर

पौष अमावास्या. पहाटे पाच वीसची ओहोटी.
खारदांड्याच्या खडपावर मी चौकट टाकते:
पीव्हीसीचे चार तुकडे, आत सुतळीची शंभर घरं.
एक चौरस मीटर मुंबई.
हिचा भाव मला कुणी सांगितलेला नाही.

बॅटरी दातांत धरून मोजू लागते.
बार्नॅकल एकशे बारा.
कालवं चाळीस, त्यांतली सव्वीस उघडी, रिकामी.
समुद्रफूल एक, मिटलेलं, ओल्या बटणाएवढं.
संन्यासी खेकडा एक. शंख मिळाला नसावा,
औषधाच्या बाटलीच्या झाकणात पागडीनं राहतोय.
आणि हिरवट, मऊ काहीतरी, पुस्तकात न सापडणारं.
त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढते,
तेही त्याच्यासारखंच, एका अंगावर कलंडलेलं.

मग चौकटीत एक पाय येतो.
भेगाळलेला, बोटात झिजलेलं जोडवं.
चांगुणा केणी. हातात कोयती, कमरेला डबा.
"एवढ्या काळोखात काय हरवलं गो तुझं?"
काय काय उरलंय ते लिहितेय, मी म्हणते.
ती हसत नाही. वाकते.
"ह्ये लिवलंस? आमी याला सासूची थुकी म्हनतो.
हात लाव, दोन दिस खाजवत बसशील."
मी प्रश्नचिन्ह खोडते.
तक्त्यात कुळाचा रकाना आहे, प्रजातीचा आहे,
सासूचा नाही.
समासात लिहिते.

ती कोयतीच्या टोकानं मोठी कालवं फोडते,
नखाएवढी सोडून देते.
"यांना पोरं व्हायचीत अजून."
पूर्वी त्या पल्याडच्या खडपापर्यंत जायचो, सांगते,
नऊ जणी, ओळीनं, एकीच्या हातात कंदील.
आता तिथे भराव, भरावावर बाक,
बाकांवर माणसं समुद्राकडे तोंड करून बसतात.
"त्यांच्या बुडाखाली माझे रोजचे दोन डबे हायेत."

पाणी वळतं. आधी नुसता आवाज, भेगांतून,
कुणी अंधारात घोट घेतल्यासारखा.
समुद्रफूल उघडतं.
मी बघतच राहते, वेळ टिपायची राहून जाते.

चांगुणा निघते. चार पावलांवर थांबते.
"माजा पाय लिवलास का?
तुज्या चौकटीत व्हता की."

दुपारी कचेरीत तक्ता भरला.
सगळ्यात खाली, शेरा:
पाऊल, डावं. एक.
पूर्वीची संख्या, स्थानिक माहितीनुसार,
नऊ.