मोजणी

न्हावा-शेवाच्या धक्क्यावरून नेरूळला आणला तो,
जहाजावरचा आचारी, अपेंडिक्स फुटायच्या बेतात.
पासपोर्टवर देश चीन, नाव आओ, वय एकावन्न.

पहाटे तीनला भूल उतरू लागली
आणि तो छताशी बोलू लागला.
एजंटानं दिलेल्या नंबरावर मी दुभाष्याला उठवलं,
फोन त्याच्या तोंडाशी धरला.
दुभाष्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, सिस्टर, ही चिनी नाही.

मी नाडी बघत होते.
चादरीवर त्याचं बोट माझ्याबरोबर हलत होतं:
नेक. होईर. ग्वारब. दुरुब. ताऊ.
पुन्हा नेक.
मी म्हटलं, एक, दोन, तीन.
तो हसला. टाके ओढले असणार, कण्हला.

नंतर दुभाष्याकडून, तुकड्यातुकड्यानं:
दाऊर म्हणतात आम्हाला.
आमची गावं अमूरच्या पलीकडे होती,
बंदुकवाले आले, बादशहानं उठवून नोन नदीवर बसवलं.
त्यातल्याही काहींना पुढे पश्चिम सीमेवर धाडलं, राखणीला.
बायकापोरांसकट चालत गेले.
लिपी आमची नव्हतीच.
आजोबा मांचू अक्षरांत हिशेब लिहायचे,
मुलगी फोनवर चिनीतच बोलते.
आओ हे अर्धं नाव. पूर्ण आओला.
म्हणजे डोंगर.
रकान्यात एवढाच मावतो.

मी सलाईनचा वेग कमी केला.
खिडकीतून खाडीपलीकडे बघितलं.
उलव्याचा डोंगर होता तिथं,
धावपट्टीसाठी छाटला.
मोजणीच्या दिवशी बाबांनी साखळी धरणाऱ्यांना
ताक दिलं होतं, मीठ विसरले म्हणून पुन्हा आत आले.
आता गावाचं नाव बसस्टॉपला आहे.
दुभाष्याला हे सांगितलं नाही.
वॉर्डात मी शुद्धच बोलते.
फक्त त्या रात्री तोंडातून निघालं,
"पानी पितंस का रं?"
त्यानं मान हलवली, जणू कुणी पहिल्यांदाच
त्याच्याशी सरळ बोललं.

डिस्चार्जच्या फॉर्मवर मातृभाषा.
यादीत नव्हती. 'इतर' होतं.
मी पेनानं लिहिलं, दाऊर.
उकार ऱ्हस्व की दीर्घ, विचारलं.
त्यानं खांदे उडवले: तुला वाटेल तसा.

जहाज गेलं.
नाडी बघताना मी पाचपर्यंत त्याच्यासारखी मोजते,
नेक, होईर, ग्वारब, दुरुब, ताऊ,
आणि अडते.
सहाला काय म्हणतात, विचारायचं राहिलं.