एक बंडी

तहसीलची नवी इमारत झाली
तेव्हा पश्चिमेला दोन मजली काच लावली.
ठेकेदार म्हणाला, नागपूरसारखी दिसते.
दिसायची खरी.
मी वायरमन. मला आधी लोड दिसतो.

नवतप्यात दुपारी तीनला
त्या काचेपाशी उभा राहिलेला माणूस
आपण कशासाठी आलो तेच विसरायचा.
चौदा ए.सी., चौदाही धापा टाकणारे.
रेकॉर्ड रूममध्ये सातबाऱ्यांना घाम फुटायचा.
फ्यूज मी इतके बदलले
की जळक्या तारेचा वास
जेवतानाही बोटांना यायचा.

जुनी कचेरी पलीकडेच, कडुनिंबाखाली.
हातभर रुंद भिंती, वर कवेलू,
दाराला वाळ्याचे ताटवे अडकवायचे खिळे
अजून तसेच आहेत.
तिथे आता मोडक्या खुर्च्या ठेवतात.
खुर्च्या थंड असतात.

एप्रिलात सुषमा कुळसंगे आली,
पॉलिटेक्निकची पोर, झरीकडची,
पिशवीत तापमान मोजायची बंदूक.
तिने ती भिंतीवर रोखली, गच्चीवर रोखली,
बडेबाबूंनी हौसेनं डोकं पुढे केलं
तर त्यांच्या टकलावरही रोखली.
"गच्ची एकसष्ट," ती म्हणाली, "टक्कल छत्तीस.
तुम्ही बरे आहात साहेब,
ताप इमारतीला आहे."

हसलो सगळे.
मग तिने वही उघडली.
रात्री नऊला, कुलूप लागल्यावर,
मीटर पळतच होतं.
कोण जागं असतं आत?
पाण्याचा कूलर, तीन पंखे, सभागृहातले दिवे
आणि एक ए.सी.,
जो कुणी बंद करत नाही
कारण त्याचा रिमोट
मागच्या साहेबांच्या बदलीत हरवला.

निधी नव्हता.
चुना होता. राजूरच्या भट्टीतला, सहा पोती.
उद्धव गेडामनं तो टाक्यात रात्रभर विरवला,
बाभळीचा डिंक कालवला,
आणि ऊन चढायच्या आत
गच्चीवर तीन हात मारले.
पांढरं इतकं, की खाली उतरल्यावर
बराच वेळ त्याला
माझं तोंड काळं दिसत होतं म्हणे.
काचेवर बाहेरून बांबूचे तट्टे टांगले,
कौतिकाबाईंनी विणलेले, उधारीवर.

ठेकेदार रस्त्यातून पाहून गेला.
"पार खेडं करून टाकलं बे!"
उद्धव ब्रश धूत म्हणाला,
"खेडंच तं हाय."

रिमोट काही सापडला नाही.
मी प्लगच काढून घरी नेला.

मे महिन्याचं बिल आलं.
मागच्या मेपेक्षा अकराशे युनिट कमी.
सुषमानं बिलाच्याच पाठीवर हिशेब मांडला,
इतक्या विजेला इतका कोळसा,
पाऊणशे, नाही, आठशे किलो जवळजवळ.
म्हटलं, किलोत नको सांगू पोरी,
डोळ्यांना दिसेल असं सांग.
तिनं पेन कानाला लावलं.
"एक बंडी, काका.
बैल दमतील अशी."

त्या संध्याकाळी फाटक पडलेलं होतं.
वणीकडून मालगाडी आली, कोळशानं भरलेली.
मोजले डबे, अठ्ठावन.
रोज जातात. रात्री तर जास्तच.
मामाचं गाव ह्यातल्याच कुठल्यातरी गाड्यांनी गेलं,
आधी वरची माती, मग खालचा दगड,
मग जे हवं होतं ते.
मारुतीचं देऊळ तेवढं उचलून
कॉलनीत आणून ठेवलंय, टिनाखाली.
त्याच्याही डोक्यावर दुपारी
हात ठेववत नाही.

अठ्ठावन डबे, आणि माझी एक बंडी.
कुणाला सांगू? मागच्या मोटरसायकलवाल्याला?
तो हॉर्न वाजवत होता.

फाटक उघडलं.
टाक्यात अर्धा चुना उरलाय,
वाळला तर वाया जाईल.
पंचायत समितीलाही पश्चिमेला काच आहे.
उद्धवला म्हटलं, सकाळी शिडी घेऊन ये,
आणि येता येता
मारुतीच्या टिनावरूनही एक हात फिरव.